अंगठ्याखालचा अर्धा मिलीमीटर

सोमवार, ३ नोव्हेंबर

मला रोजनिशी लिहायचा नाद नाही. लिहितेय याचं कारण एवढंच की काल संध्याकाळी मी भाचीच्या पिस्तुलाच्या मुठीत एका बैठकीत तीन बदल केले, आणि आज तिचे गुण पाचशे एकोणसाठवरून पाचशे अठ्ठेचाळीसवर आले. तिच्या कोचने फोन करून विचारलं, "तीनपैकी कशाने घसरले?" मला सांगता आलं नाही. इस्पितळाच्या कार्यशाळेत मी एकतीस वर्षं हाताच्या स्प्लिंट, म्हणजे दुखावलेला हात धरून ठेवणारे साचे, बनवल्या आणि शिकाऊ पोरींकडून एकच गोष्ट घोकून घेतली. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो लिहून ठेवायचा. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली नाहीत, तर मीच चुकले. म्हणून ही वही.

आधी वस्तुस्थिती. भाची बावीस वर्षांची, धाकट्या भावाची मुलगी. नेमबाजीची रेंज माझ्या घरापासून सायकलने वीस मिनिटांवर, म्हणून चार वर्षं माझ्याकडे राहते. दहा मीटरवरून हवेच्या पिस्तुलाने साठ गोळ्या मारते, एकेकीला जास्तीत जास्त दहा गुण. जूनमध्ये तिचा उजवा अंगठा मोटारीच्या दारात सापडला. हाड जुळलं, पण अंगठा आता मुळाशी जाड झालाय आणि टोकाशी पूर्वीइतका वाकत नाही. विकतची मूठ लहान, मध्यम, मोठी अशा तीनच मापांत मिळते. मोडून जुळलेल्या अंगठ्याची मूठ बनवणारा कारखाना मला माहीत नाही.

एकोणतीस तारखेला निवड चाचणी आहे. पहिल्या सहा जणी रेंजवरच्या प्रशिक्षण केंद्राच्या यादीत राहतील, बाकीच्यांनी सामान उचलायचं. भाची सध्या सातवी. राहिली नाही तर भावाच्या छापखान्यात हिशेब बघायला बसायचं, असं ठरलंय. म्हणजे भावाने ठरवलंय. त्याने तिच्यासाठी खुर्ची आणूनही ठेवली. फिरती.

मी बिघडवलेली जुनी मूठ भंगाराच्या खोक्यात टाकली. नवी बनवणार. अख्खी.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

रेंजवर जाऊन आले. शाळेच्या वर्गासारखी लांब खोली, खिडक्या उंच, कुणी बोलत नाही. पिस्तूल प्रकार मला आवडत नाही आणि ते मी कोचला दारातच सांगितलं. ते म्हणाले, "मलाही नाही आवडत. मला नेम आवडतो."

निशाणाच्या मधलं दहाचं वर्तुळ शर्टाच्या बटणाएवढं. पिस्तूल किलोभर वजनाचं, आणि एका हातात, हात सरळ समोर धरून. दुसरा हात खिशात. मला वाटायचं हा डोळ्यांचा खेळ असेल. कोच म्हणाले, "नाही ताई, हा पकडीचा खेळ आहे. नळीच्या टोकाला ही बारीकशी माशी आणि मागे ही खाच. माशी खाचेच्या मधोमध दिसली पाहिजे. मूठ बरोबर असेल तर डोळे मिटून हात उचलला तरी ती मधोमध येते. मूठ चुकीची असेल तर मनगट दर वेळी तिला ओढून आणतं. साठ वेळा ओढलं की मनगट संपावर जातं."

"मी तुमची ताई नाही. तुम्ही माझ्यापेक्षा मोठे दिसता."

"दिसतो, ताई. आहे लहान."

भाचीने रेंजवरची मध्यम मापाची मूठ चढवून डोळे मिटून हात उचलला, मग डोळे उघडले. माशी डावीकडे. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा डावीकडे. कारण मला लगेच दिसलं. अंगठ्याला टेकायला जागा नाही, म्हणून तो वरून दाबतो आणि पिस्तूल कलतं. मूठ जाड वाटते म्हणून तर्जनीही चापावर जेमतेम टोकाने पोचते, आणि टोकाने ओढलं की नळी बाजूला ढकलली जाते. असले हात मी शेकड्यांनी पाहिलेत. हे माझंच काम आहे.

कोच निघताना म्हणाले, "जरा बेताने हं. हा हात आहे, फ्रॅक्चर नाही."

मी म्हटलं, "पाच महिन्यांपूर्वी फ्रॅक्चरच होतं."

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

बुधवारी फर्निचरवाल्याकडून अक्रोडाचा ठोकळा आणला. त्याने विचारलं, कशाला? मी म्हटलं, पिस्तुलाला. त्याने भाव लगेच कमी केला.

भाचीच्या हाताचा प्लास्टरमध्ये ठसा घेतला. तिला स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवलं, कोपर उशीवर, हात सैल. प्लास्टर सुकेपर्यंत हलायचं नाही. तिला नाक खाजवायचं होतं, ते मी खाजवलं.

मूठ दोन दिवसांत झाली. माझ्या हातची आजवरची सगळ्यात देखणी वस्तू आहे हे लिहायला हरकत नाही. प्रत्येक बोटाला पन्हळ, अंगठ्याला खोलगट बैठक, आणि तळहाताखालची फळी कडेला थोडी वर वळवलेली, म्हणजे हात घसरायचा प्रश्नच नाही. हात पाळण्यात ठेवल्यासारखा बसतो.

"कशी आहे?"

"मस्त आहे, आत्या."

"मस्त हे उत्तर नाही. माहिती दे."

तिने मूठ आवळली, सोडली, पुन्हा आवळली. "हात अगदी झोपतो यात."

मला हवं ते हेच होतं.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पाचशे एकसष्ट. अंगठा मोडण्याआधीच्या पातळीला परत आली. तिने सायकल लावता लावताच सांगितलं, मी खिडकीतून विचारल्यावर.

पिस्तूल रेंजवरच्या कपाटात कुलपात असतं. मूठ एका स्क्रूवर निघते, ती पिशवीतून रोज घरी येते, मी एक बदल करते, सकाळी परत जाते. आजचा बदल: अंगठ्याची बैठक अर्धा मिलीमीटर खोल.

भावाचा फोन आला. "काय म्हणतेय नेमबाज? खुर्चीचं प्लास्टिक काढू का?" मी म्हटलं, काढू नकोस, परत द्यावी लागेल तेव्हा दुकानदार कुरकुर करेल.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पाचशे त्रेसष्ट. निष्कर्ष: अंगठ्याखाली अर्धा मिलीमीटर म्हणजे दोन गुण. कोचला फोनवर सांगितलं. त्यांनी आकडा लिहून घेतला. मग म्हणाले, "पोरीचं छान चाललंय." मुठीचं नाव काढलं नाही. कौतुक करणं काही माणसांच्या जिवावर येतं.

भंगाराच्या खोक्यात जुनी मूठ दिसली नाही. भंगारवाला घेऊन गेला असावा.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज रेंजला सुट्टी. कोचनी बोलावलं होतं, एकदा स्वतः मारून पाहा म्हणून. जाणं भाग होतं. साधन बनवणाऱ्याला त्याचा उपयोग माहीत हवा.

पिस्तूल मध्यम मापाच्या मुठीचं दिलं. हात समोर धरला आणि लक्षात आलं की माझा हात थरथरतो. मी तो स्थिर करायला गेले तर जास्तच.

"हलू द्या," कोच म्हणाले. "सगळ्यांचाच हलतो. थांबवायला गेलात की बिथरतो."

"हात हलू नये याचाच पगार घेतला मी एकतीस वर्षं."

"इथे त्याचेच गुण कापतात."

दहा गोळ्या मारल्या. नऊ माझ्या निशाणावर लागल्या, दहावी शेजारच्या. कोच म्हणाले, शेजारच्यावरची सर्वांत चांगली आहे, नऊ गुण.

मग चहा पिताना त्यांनी विचारलं, "अंगठा कुठल्या दारात सापडला म्हणालात?"

"मोटारीच्या."

"कुणी लावलं दार?"

मी म्हटलं, वाऱ्याने. जूनमध्ये वारा असतो. मोटारीचं दार वाऱ्याने लागत नाही हे त्यांना माहीत असावं, पण त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला. मी दुसरा कप घेत नाही. घेतला.

बुधवार, १९ नोव्हेंबर

पाचशे पासष्ट. चढती कमान आहे. तळहाताची फळी आज आणखी एक मिलीमीटर वर आणली, बाहेरची कड मनगटापर्यंत नेली. आता सुटायला वावच नाही.

दोन नोंदी. एक: मुठीला दहा दिवसांत घामाचा एक डाग नाही. जुनी मूठ तर घामाने काळी पडली होती. मी लावलेलं तेल फारच उत्तम दिसतं, जुन्या कार्यशाळेला कळवायला हवं. दोन: लाकडात भरायच्या पुट्टीचा डबा अर्धा रिकामा झालाय. मी एवढी वापरली नाही, पण हिशेब चुकला असेल. भाचीच्या नखांतही काहीतरी पिवळट अडकलेलं असतं हल्ली. नखं स्वच्छ ठेवत जा म्हणून बोलले. ती म्हणाली, बरं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

आज साधनांची तपासणी होती. मूठ नापास. बाकी उद्या लिहीन.

रविवार, २३ नोव्हेंबर

काल मी हट्टाने बरोबर गेले. तपासनीस म्हणजे चष्मा कपाळावर ढकललेला एक सावकाश बोलणारा गृहस्थ, टेबलावर पिस्तूल मापात बसतं का ते बघायची लाकडी पेटी, वजनं, मोजपट्ट्या. त्यांनी माझी मूठ उचलली, खिडकीच्या उजेडात धरली, आणि त्यांच्या चेहऱ्यावर कौतुक दिसलं. मी ते नोंदवून ठेवते, कारण पुढचं कौतुकाचं नाही.

"कुणी बनवली?"

"मी."

"काम अप्रतिम आहे, बाई. पण चालणार नाही. फळी सपाट लागते, ही वर वळलेय. आणि इथे मनगटाला आधार मिळतोय. मुठीने हाताला धरायचं नसतं, हाताने मुठीला धरायचं असतं." मग चष्मा खाली ओढून म्हणाले, "तुम्ही आधी काय बनवायचात?"

"स्प्लिंट."

"तरीच."

चाचणीला सात दिवस. मला त्या खोलीत बसायला काही दिसेना. तेवढ्यात भाचीने पिशवीत हात घालून दुसरी मूठ काढली आणि टेबलावर ठेवली. भंगाराच्या खोक्यातली. घामाने काळी, अंगठ्याखाली पिवळ्या पुट्टीचं ढेकूळ, त्यावर बोटांचे ठसे जसेच्या तसे. माझ्या हाताखालच्या शिकाऊ पोरीने असं काही आणलं असतं तर मी ते खिडकीतून फेकलं असतं. तपासनिसांनी मोजपट्टी लावली, पेटीत ठेवून पाहिली आणि शिक्का मारला.

म्हणजे पाचशे एकसष्ट, त्रेसष्ट, पासष्ट हे सगळे त्या ढेकळाचे. या वहीतला एकही आकडा खोटा नाही आणि एकही निष्कर्ष खरा नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "का नाही सांगितलंस?"

"तू रोज विचारायचीस, किती आले. जेवढे आले तेवढे सांगितले."

कोचना फोन केला तर तेही म्हणाले, "तुम्ही गुण विचारलेत, मी गुण सांगितले." दोघांनी मिळून पाठ केलेलं दिसतं.

"ती मूठ वाईट होती?" मी भाचीला विचारलं.

"नाही गं. फार छान होती. पहिल्या दिवशी पाच गोळ्या मारल्या त्या मुठीने. पण सगळं तीच धरून ठेवते, मग माझा हात काय करतोय ते मला कळतच नाही. झोपतो तो. मला जागा पाहिजे." मग तिने टेबलावरचा भुसा बोटाने गोळा केला. "आणि तू इतकी राबत होतीस. तुला अंगठ्याचं लागून राहिलंय, मला कळत नाही का? कशी सांगणार होते?"

लागून राहिलंय असं मी कुणाला बोलले नव्हते. या वहीतही लिहिलेलं नाही. तर लिहिते. वारा नव्हता. दार मी लावलं. फोनवर बोलत होते, ती मागची पिशवी काढत होती, मी मागे न बघता लावलं. फोन भावाचा होता आणि बोलणं अजिबात महत्त्वाचं नव्हतं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

पाचशे बावन्न. पुट्टीच्या ढेकळाला तडा गेला, निम्मा तुकडा नेम धरलेला असतानाच गळून पडला. पुट्टी ती, लाकूड नव्हे. रोजचा दाब कुठवर सोसणार?

भाची सायकलवरून उतरली ती सरळ माझ्या खोलीत आली. "आत्या, अक्रोडाचा तुकडा कापून देशील? आख्खी मूठ नको. एवढाच." करंगळीचं पेर दाखवलं.

"देते. तुझा अंगठा मोजू दे."

"मोजू नकोस. जरा जाड ठेव. बाकी मी घासते."

माझ्या तोंडाशी आलं होतं ते मी गिळलं. गिळायला वेळ लागला.

बुधवार, २६ नोव्हेंबर

रेंजवरच्या दुरुस्तीच्या टेबलाशी सगळी सकाळ. पुट्टी खरवडून काढली, तिथे पटाशीने खाच पाडली, अक्रोडाचा तुकडा डिंकाने आणि दोन बारीक स्क्रूंनी बसवला. एवढं माझं. अर्धा मिलीमीटर जास्त ठेवला आणि कानस तिच्या हातात दिली.

मग मी हात मागे बांधून उभी राहिले. कोच म्हणाले, "वर्गाबाहेर काढल्यासारख्या दिसता."

"तुम्ही बोलू नका. तुमचं माझं बाकी आहे."

भाची तीन हात कानस मारायची, मूठ पिस्तुलावर चढवायची, डोळे मिटून हात उचलायची, उघडायची. डावीकडे. पुन्हा तीन हात. पुन्हा डावीकडे, पण कमी. ती लाकडाच्या रेषांना आडवी कानस मारत होती. रेषांना आडवी. मी काही बोलले नाही. हे इथे लिहून ठेवते, कारण नुसतं सांगून कुणाला पटणार नाही.

तेवीस वेळा केलं तिने. मी मोजलं. चोविसाव्याला डोळे उघडले आणि हात खाली घेईना. "आत्या, बघ."

माझ्या जागेवरून काय दिसणार? माशी तिची, खाच तिची. मी तिचा चेहरा पाहिला.

ओबडधोबड झालंय. पॉलिश पेपरसुद्धा लावू दिला नाही तिने. म्हणाली, गुळगुळीत असलं की अंगठा घसरतो. तपासनिसांकडे नेऊन पुन्हा शिक्का मारून आणली.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

काल पाचशे चौसष्ट. आज आराम. सहाव्या जागेसाठी साधारण पाचशे सहासष्ट लागतील असा कोचचा अंदाज.

भाचीने जेवताना विचारलं, "उद्या तू बाहेर थांबशील का?"

"बाहेर म्हणजे कुठे?"

"गाडीत. तू मागे उभी असलीस की मला पाठीवर कळतं."

मी पाणी प्यायले आणि बरं म्हटलं.

शनिवार, २९ नोव्हेंबर

साठ गोळ्यांना सव्वा तास. तो मी गाडीत काढला. पहिली वीस मिनिटं दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, गाडी बंद असताना. मग लक्षात आलं आणि सोडले. काचेतून रेंजची भिंत दिसते, तिच्यावरचे पोपडे मोजले. आतून आवाज येत नाही. हवेचं पिस्तूल तसं सभ्य असतं.

कोच बाहेर आले ते घाईत नव्हते. लोक वाईट बातमी सावकाश आणतात, त्यामुळे मला दार उघडायचं सुचेना. त्यांनी काचेवर टकटक केलं आणि छापील चिठ्ठी काचेला लावून धरली. दहादहा गोळ्यांचे सहा आकडे: ९४, ९५, ९१, ९६, ९७, ९५.

बेरीज मी तोंडी केली. पाचशे अडुसष्ट. पाचवी.

काच खाली केली. "एक्क्याण्णवला काय झालं?"

"ताई," कोच म्हणाले, "तुम्ही जरा रडून घ्या, मग सांगतो."

मी रडले नाही. चष्मा पुसला. तिसऱ्या मालिकेत अंगठा आखडला होता म्हणे. तिने पिस्तूल खाली ठेवलं, हात झटकला, चार मिनिटं नुसती उभी राहिली आणि मग पुढची गोळी मारली. ती चार मिनिटं मी आत असते तर काहीतरी केलं असतं. काय ते माहीत नाही, पण केलं असतं.

भावाला फोन केला. तो बराच वेळ हसत होता, हे मला अपेक्षित नव्हतं. मग म्हणाला, "आणि खुर्चीचं काय करू?"

"तू बस. तुझी पाठ दुखते."

रविवार, ३० नोव्हेंबर

काम संपलं. काय कुणाला दिलं त्याची नोंद करून वही बंद करते.

भाचीला: कानशी दोन, एक खरबरीत आणि एक बारीक. पटाशी. अक्रोडाचा उरलेला ठोकळा. पुट्टीचा डबा, अर्धा, आणि यापुढे विचारून घ्यायची गरज नाही असं तोंडी. या वहीची कोरी पानंही तिलाच. बदल तिचे, नोंदी तिने ठेवाव्यात. भरलेली पानं मी कापून घेणार होते. तिने घेऊ दिली नाहीत.

इस्पितळाच्या कार्यशाळेला: अक्रोडाची मूठ, नापास. सकाळी भाचीबरोबर जाऊन दिली. तिथल्या माझ्या जुन्या शिकाऊ पोरीने ती एका आजोबांच्या काठीवर बसवली. त्यांच्या उजव्या हातात जोर नाही, काठी सुटते. आजोबा व्हरांड्यात दोन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, ही स्वतःच धरते की. मी म्हटलं, हो, तिचं कामच ते आहे.

कोचना: काही नाही. चहाचे दोन कप माझ्याकडून त्यांना येणं आहे असं ते म्हणतात. मी हिशेब वेगळा धरते.

परतताना गाडीची किल्ली भाचीला दिली. तिने विचारलं, "नक्की?" मी पलीकडून जाऊन तिच्या शेजारी बसले. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे, मग वाकून माझ्या बाजूचं दार ओढून लावलं. मी दोन्ही हात मांडीवर घेतले होते.